एकशे बाराव्या पानानंतर

दिनांक १७ डिसेंबर २०२३. कादंबरीतील माणसे एकूण एकेचाळीस. पृष्ठ एकशे अकराअखेर जिवंत एकेचाळीस. पृष्ठ एकशे बाराअखेर जिवंत चाळीस.

ही नोंद धम्मानंद खिल्लारे यांनी त्या रविवारी सकाळी, परभणीतील आपल्या घराच्या ओसरीवर बसून, नव्या वहीच्या पहिल्या पानावर केली. सत्तावीस वर्षे तहसील कचेरीत काढलेल्या माणसाला साहित्याचा विचार करतानाही आधी गोषवारा काढावासा वाटतो, यात नवल नाही. ते अव्वल कारकून होते, वयाने बावन्न वर्षांचे होते आणि चार महिन्यांपासून कादंबरीकार होते. या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट त्यांना सर्वांत खरी वाटत असे आणि इतरांना सर्वांत कमी.

कादंबरी लिहायला अकरा वर्षे लागली होती. शीर्षक चार शब्दांचे होते व चारही शब्द जड होते. पृष्ठे दोनशे चौसष्ट. संभाजीनगरच्या एका लहानशा प्रकाशकाने पाचशे प्रती छापल्या आणि त्यांपैकी साडेतीनशे, वितरणाच्या सोयीसाठी, लेखकाच्याच घरी पाठवून दिल्या. त्या आता आतल्या खोलीतल्या पलंगाखाली होत्या. पत्नी बबिताताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी या घटनेवर एकच अभिप्राय दिला होता : "आधी पलंग हलायचा. आता हलत नाही."

पुस्तक प्रसिद्ध झाले की माणसाच्या चालण्याबोलण्यात जो फरक पडतो, तो त्याला स्वतःला सोडून सर्वांना दिसतो. धम्मानंद चष्मा पूर्वीपेक्षा सावकाश पुसू लागले होते. बाजारात वांगी निवडताना, एक कादंबरीकार वांगी निवडत आहे, असे त्यांना क्षणभर बाहेरून दिसे आणि तेवढ्यात किडके वांगे पिशवीत जाई. बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलने दोन प्रती ठेवून घेतल्या होत्या. कचेरीत जाण्यापूर्वी ते तिथे थांबत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांमागे गेलेली आपली प्रत पुढे आणून ठेवत आणि निघून जात. संध्याकाळी स्टॉलवाला ती परत मागे ठेवी. हा व्यवहार दोघांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोन महिने चालवला होता. कचेरीत बावीस प्रती भेट दिल्या होत्या. त्यांतल्या एकवीस "वाचायलोय साहेब, वाचायलोय" या अवस्थेत होत्या आणि एक पंख्याखालचे कागद उडू नयेत म्हणून कामाला लागली होती. लातूरहून एका वाचकाचा फोन आला. तो चाळीस मिनिटे चालला, आणि त्यांपैकी अडतीस मिनिटे त्या वाचकाच्या अप्रकाशित कादंबरीविषयी होती.

या सगळ्याचे त्यांना वाईट वाटत नसे असे नाही. पण खरी आस वेगळी होती. पुस्तक बोरीवर लिहिले होते. आपले जन्मगाव आपली कादंबरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकेल, आणि ऐकून झाल्यावर काही काळ गप्प राहील, एवढे त्यांना हवे होते. समीक्षकांचे काय व्हायचे ते होवो.

आणि ते घडू लागले होते. बोरीच्या बौद्ध विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज धम्मग्रंथाचे वाचन होते. एकाने वाचायचे, सगळ्यांनी ऐकायचे. नियम एकच : कोणालाही शंका आली तर ती विचारायची, आणि तिचे निरसन होईपर्यंत पान उलटायचे नाही. एका वर्षी एका वाक्यावर दोन दिवस गेले होते. आश्विन पौर्णिमेला वाचन संपले तेव्हा समितीने ठराव केला, की आपल्या वस्तीतल्या माणसाने पुस्तक लिहिले आहे, तेव्हा तेही याच शिस्तीने, दर रविवारी दुपारी दोन वाजता, वाचावे. वाचक म्हणून पप्पूची नेमणूक झाली. पप्पू चौतीस वर्षांचा, बसथांब्याजवळ लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवणारा. दिवसभर इतरांचे फॉर्म मोठ्याने वाचून दाखवल्यामुळे त्याचा आवाज कमावलेला होता.

ऐकायला येणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या बाया. तरण्या कापूस वेचायला जात. सर्वांत पुढे, धुतलेले पांढरे पातळ नेसून, सुलाबाई बसत.

सुलाबाई म्हणजे धम्मानंदांच्या आत्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा वारला आणि त्या भावाकडे, सितारामकडे, परत आल्या. सितारामची बायको गेली तेव्हा धम्मा चार वर्षांचा होता. त्याला वाढवले ते आत्याने. लोकांच्या रानात खुरपणी करून त्यांनी त्याला दहावीपर्यंत नेले, आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमध्ये परभणीच्या वसतिगृहाला जाणाऱ्या बसमध्ये बसवले. कादंबरीत ही सगळी हकीकत होती. फक्त धम्मानंदांनी, कायद्याची माणसे जेवढी खबरदारी घेतात तेवढी घेऊन, आत्याचे नाव बदलून धुरपता केले होते आणि घर पूर्वेच्या गल्लीतून पश्चिमेच्या गल्लीत नेले होते. एवढ्यानंतर ओळख पटण्याचा संभव उरत नाही अशी त्यांची खात्री होती. पहिल्याच रविवारी, तिसऱ्या पानावर, पप्पूने धुरपताच्या हनवटीवरच्या तीन ठिपक्यांच्या गोंदणाचे वर्णन वाचले. सगळ्या बायांनी माना वळवून सुलाबाईंकडे पाहिले, आणि सुलाबाईंनी लाजून पदराने हनवटी झाकली.

तेव्हापासून वस्तीबाहेरच्या बायनाबाईही येऊ लागल्या होत्या. त्या चार एकरवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या, सुलाबाईंच्याच वयाच्या. चाळीस वर्षे दोघींनी एका ओळीत खुरपले होते. पुस्तकाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते; सुली पुस्तकात कशी दिसते, एवढेच त्यांना पाहायचे होते.

एकशे बाराव्या पानावर काय आहे, हे धम्मानंदांनी आत्याला सांगितले नव्हते. सांगितले तर परिणाम जातो, असे त्यांनी स्वतःला समजावले होते.

त्या दुपारी ते नेहमीप्रमाणे सर्वांत मागे बसले. लेखकाने मागे बसावे असे त्यांचे मत होते. मात्र आपण मागे बसलो आहोत हे पुढच्यांना दिसेल अशा बेताने ते खांबापासून जरा सरकून बसत. पप्पूने वाचायला सुरुवात केली. ओढ्याला पूर आला आहे. पलीकडच्या सडकेवरून शहराची बस जाणार आहे. धुरपता भाच्याचा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून पाण्यात उतरते. मग डबा तेवढा दिसतो. मग डबाही दिसत नाही.

पप्पूचा आवाज शेवटच्या ओळीत भरून आला. विहारात कोणी हलले नाही. धम्मानंदांनी डोळे मिटून घेतले. अकरा वर्षांत त्यांनी ज्या शांततेची वाट पाहिली ती हीच होती.

मग एक म्हातारी उठली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. कोणी गेल्याचे कानावर आले की उभे राहायचे, हात जोडायचे आणि त्रिशरण-पंचशील म्हणायचे, ही या वस्तीची छप्पन सालापासूनची सवय. गेलेले माणूस कागदावरचे आहे की मातीतले, हा भेद त्या सवयीला ठाऊक नव्हता. कोणीतरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. संथ सुरात म्हणणे सुरू झाले. सुलाबाईही उभ्या होत्या, डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून.

बसून राहिल्या होत्या त्या फक्त बायनाबाई, कारण त्यांना ते म्हणता येत नव्हते. त्यांनी वर पाहिले, जरा विचार केला आणि शेजारचे पातळ ओढले.

"सुले, तू कुणासाठी उभी राहिलीस गं?"

"मेलीय की ती."

"कोण?"

"धुरपता."

"अन् धुरपता म्हंजे कोण, माय?"

सुलाबाईंचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. सूर मधेच तुटला. आधी एक बाई हसली, मग दोघी, मग सगळा विहार. ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते त्या तशाच हसू लागल्या. हसल्या नाहीत त्या एकट्या सुलाबाई. त्या खाली बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "थांब रे पप्पू. माझी शंका हाय."

पप्पूने बोट पानात ठेवून पुस्तक मिटले.

"धम्मा, हिकडं ये. असा म्होरं." धम्मानंद पुढे आले. "मला कामून मारलंस?"

"आत्या, ती तू नाहीस. ते पात्र आहे."

"मंग माझं गोंदण तिला कामून दिलंस?"

"गोंदण पुष्कळ बायकांना असतं."

"डाव्या पायानं लंगडायचं? उन्हाळ्यात उशाखाली कांदा ठेवून निजायचं? पुष्कळ बाया तशा निजत्यात व्हय? समदं माझं घेतलंस, अन् जीव तेवढा काढून टाकलास."

"कलाकृतीची एक गरज असते, आत्या. नायकाच्या आयुष्यात त्या जागी..."

"गरज कुणाला व्हती? मला तर नव्हती."

"अन् त्या वढ्याला पूर कवा आला रे लेका?" बायनाबाईंनी विचारले. "म्हशी बसल्या तर पाठ भिजत न्हाई त्यांची. बरं, आला म्हण पूर. डबा सोडून दिला असता तर वाचली असती की. एवढं काय व्हतं त्या डब्यात?"

"पिठलं," पप्पू म्हणाला. त्याने पान पाहून घेतले होते.

हसणे पुन्हा उसळले. सुलाबाई मात्र भाच्याकडेच पाहत होत्या. उत्तर आले नाही, म्हणून नियमाप्रमाणे पान उलटले गेले नाही, आणि सभा पृष्ठ एकशे बारावर तहकूब झाली.

परतताना धम्मानंद वाटेतल्या झरी गावात चहासाठी थांबले आणि चहा निवेपर्यंत पाहत बसले. मनात एक लेख आकार घेऊ लागला होता : वास्तव आणि कल्पित यांच्या सीमारेषेविषयी, ग्रामीण वाचकाच्या आस्वादक्षमतेच्या मर्यादांविषयी. पहिला परिच्छेद चांगला जमला होता. दुसऱ्यात आत्या आल्या आणि त्यांनी विचारले, गरज कुणाला व्हती. लेख तिथेच राहिला.

सोमवारी ते कचेरीत आपल्या टेबलावर बसले. या टेबलाचे एक काम असे, की निराधार योजनेचे मानधन घेणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला तिथे आणून द्यायचा. माणूस काठी टेकत समोर उभे राही, आणि धम्मानंद मान वर न करता विचारत, "हयात असल्याचा कागद कुठंय?" हा प्रश्न त्यांनी हजारो वेळा विचारला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा, तोंडातून निघून गेल्यानंतर, त्यांना तो ऐकू आला. समोरची म्हातारी कमरेच्या पिशवीत कागद शोधत होती. ते उठून उभे राहिले आणि तिला बसायला खुर्ची दिली. खुर्ची कशाला दिली हे न कळल्याने ती बिचारी घाबरली.

इकडे बोरीत निराळीच चिंता पसरली होती. शंका पप्पूने काढली होती आणि त्याच्या धंद्याला ती शोभणारी होती. "आत्या, हसण्यावारी नेऊ नका. छापील हाय ते. अन् छापणारा माणूस तहसीलचा. उद्या कुणी पुस्तक घिऊन कचेरीत गेलं, की ही बाई एकशेबारावर वारलेली हाय, तर निराधारचा पगार बंद पडल. मंग जित्या हाव म्हणून सांगत बसा."

छापलेले आणि सही-शिक्क्याच्या माणसाने लिहिलेले खोटे कसे असेल, हा प्रश्न हसण्यासारखा नाही. या लोकांनी कागदावर विश्वास ठेवायला मोठ्या कष्टाने शिकून घेतले आहे, आणि त्यांच्याच घरातल्या शिकलेल्या माणसाने कागदावर त्यांच्यातल्या एकीला मारून टाकले होते. बुधवारी सुलाबाई बायनाबाईंना साक्षीला घेऊन तलाठ्याकडे गेल्या.

"दाखला तर झालाय तुमचा ह्या वर्षीचा," तलाठी म्हणाले. "आता कशाला पाहिजे?"

"पुस्तकात मेलेय मी."

"कुणाच्या?"

"तुमच्या मोठ्या साहेबाच्या. भाचा हाय माझा. भावाचा ल्योक."

तलाठ्यांनी पुस्तक वाचले नव्हते, पण भेट मिळालेली प्रत घरी होती आणि साहेब कधीही विचारतील ही धास्तीही होती. त्यांनी बायनाबाईंना विचारले, "ह्या जिवंत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे?"

"लय बोलतीय," बायनाबाई म्हणाल्या. "मेलेलं माणूस एवढं बोलत न्हाई."

दाखला जागेवर मिळाला.

चोवीस डिसेंबरच्या रविवारी धम्मानंद विहारात आले, तेव्हा वाचनाची प्रत चौकीवर उघडी होती आणि एकशे बारा व एकशे तेरा या पानांच्या मधोमध तो दाखला खळीने चिकटवलेला होता. शिक्का अजून गडद होता. पप्पूने घसा साफ केला आणि पुस्तकाच्याच सुरात वाचले : "दाखला देण्यात येतो की, श्रीमती सुलाबाई, राहणार बोरी, ह्या आज रोजी माझ्यासमक्ष हजर असून हयात आहेत."

"साधु, साधु, साधु," सगळा विहार एका आवाजात म्हणाला.

आपल्या दोनशे चौसष्ट पानांत एवढे आखूड आणि एवढे बिनतोड वाक्य एकही नाही, हे धम्मानंदांना मागच्या खांबाजवळून जाणवले. त्या दिवशी ते खांबाच्या आड बसले होते.

शंका मिटली असे धरून पप्पूने पान उलटले. पुढची सहा पाने कादंबरीची शोकाची पाने होती. प्रकाशकाने पाठीवरच्या मजकुरात त्यांचाच उल्लेख केला होता. नायक निरंजन वसतिगृहातून धावत येतो आणि ओढ्याच्या काठी बसून राहतो. संध्याकाळ होते, तो बसलेला आहे. दिवे लागतात, तो बसलेला आहे. वाचताना पप्पूने आवाज शक्य तितका जड केला, पण दाखला वाचून झाल्यावर त्या आवाजात दम उरला नव्हता.

"कुठं बसलाय तो?" सुलाबाईंनी विचारले.

"वढ्याकाठी."

"अजून? काय करायलाय तिथं?"

"रडायलाय, आत्या."

"त्याला म्हणावं घरी ये. भाकर झाकून ठेवलीय."

बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. सहा पानांच्या शोकाचे वाटोळे झाले होते. धम्मानंद अपमान वाटण्याची वाट पाहत होते. तो आला, पण त्याच्यामागून दुसरेच काही आले. अठ्ठ्याऐंशी साली, वसतिगृहातून ते दिवाळीला पहिल्यांदा परतले होते तेव्हा, बसथांब्यावर मित्रांशी बोलत उशीर झाला होता, आणि घरी खरोखरच भाकर झाकून ठेवलेली होती. ती गोष्ट कादंबरीत नव्हती. ती त्यांना नाट्यपूर्ण वाटली नव्हती.

त्यांनी हात वर केला.

"माझीही शंका आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत थांबू."

पान पुन्हा उलटायचे राहिले.

त्या आठवड्यात घरी एकदा, भाजी निवडताना, बबिताताईंनी सहज विचारले, "खरं सांगा. आत्यांना का मारलं तुम्ही?"

"शोकांतिकेची रचना..."

"ते प्रस्तावनेत वाचलं मी."

"प्रकाशक म्हणाले होते, मध्यावर काहीतरी घडायला पाहिजे."

"प्रकाशकांनी मारलं म्हणता?"

धम्मानंदांनी मेथीची एक काडी हातात घेतली, तिची पाने खुडली आणि काडी पातेल्यात टाकून पाने कचऱ्यात टाकली. बबिताताईंनी ती पाने मुकाट्याने उचलून परत घेतली.

"अठ्ठ्याऐंशीनंतर तिचं काय झालं, ते मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे कुठं राहते, काय खाते, ते माहीत होतं. पण लिहायला बसलो तेव्हा पुढचं एक वाक्यसुद्धा येईना. मी बसमध्ये बसलो आणि ती सडकेवर उभी होती. त्याच्यापुढं कोरं."

"तीस किलोमीटरवर राहतात त्या," बबिताताई म्हणाल्या आणि पातेले घेऊन आत गेल्या.

एकतीस डिसेंबरला धम्मानंदांनी हे सगळे विहारात उभे राहून सांगितले. सवयीने त्यांनी आधी टिपण काढले होते. त्यात पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा असे होते. पण टिपण खिशातच राहिले. आपल्याला ठाऊक नव्हते म्हणून आपण तिला बुडवले, पूर खोटा आहे, आणि शोधून काढण्यापेक्षा मारणे सोपे होते, एवढे ते तीन वाक्यांत बोलले. लगेच त्यांनी जोडले, "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करतो."

"भाऊ, पहिली कुठंय?" पप्पूने विचारले. "पलंगाखालीच ना?"

"दुसरी-तिसरी मला कळत न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "ठाऊक नव्हतं, तर इचारायचं. मागल्या साली एकदा इचारलंस, वढ्याला पाणी किती येतं. मी म्हणलं, गुडघाभर. तेवढं इचारलंस अन् तेवढंबी धरलं न्हाईस. तू यायचास, चहा प्यायचास, घड्याळ बघायचास."

हे खरे होते, म्हणून कोणी हसले नाही.

"काय इचारू?" धम्मानंद म्हणाले. विचारायची रीत त्यांना खरोखरच ठाऊक नव्हती. बारा वर्षांच्या मुलासारखे ते उभे होते.

"खिचडीचं इचार तिला," बायनाबाई म्हणाल्या.

"कोणती खिचडी?"

"बघा, ह्ये बी ठाऊक न्हाई."

मग सुलाबाईंनी सांगितले. शाळांत पोरांना दुपारची खिचडी द्यायला सुरुवात झाली त्या साली रांधायचे काम त्यांना मिळाले. पहिल्या दिवशी मोठे पातेले भरून रांधले. आपल्या वस्तीची पोरे बसली. बाकीच्यांना घरून सांगून पाठवले होते, की तिच्या हातचे खायचे नाही. ती पोरे भिंतीला टेकून उभी राहिली. लहान होती, भुकेली होती, पातेल्याकडे बघत होती. असे चार दिवस चालले. "मी रोज तेवढीच रांधायचे. कमी कामून रांधू? कमी रांधलं म्हंजे मान्य केल्यावानी झालं. उरलेली घरी आणायचे न्हाई, तिथंच बसून ऱ्हायचे, पातेल्यापाशी."

"मंग पाचव्या दिशी मी गेले," बायनाबाई म्हणाल्या. "आमची वैष्णवी तिसरीला व्हती. तिचा हात धरला अन् बसले पोरांच्या रांगंत. पन्नाशीची बाई, मांडी घालून. मास्तर म्हणले, मोठ्या माणसांना देता येत न्हाई, हिशेबात बसत न्हाई. म्या म्हणलं, मंग मला तिसरीत घाला. दोन ताटं खाल्ली."

"अन् काय म्हणाली ठाऊक हाय?" सुलाबाईंनी बायांकडे वळून विचारले. "समदी पोरं बघायलेली, मास्तर बघायलेला, दारात माणसं जमलेली. अन् ही म्हणती, सुले, मीठ कमी हाय."

"कमीच व्हतं."

"तिच्यानंतर भिंतीजवळची पोरं एकेक करून बसली. समदी न्हाई. दोघं-तिघं वर्षभर उभी ऱ्हायली. अकरा वर्सं रांधलं मी."

धम्मानंद वही काढून लिहीत होते. अस्पृश्यतेवर त्यांच्या कादंबरीत सलग चौदा पानांचे चिंतन होते. ते शहरातल्या एका समीक्षकाला आवडलेही होते. ज्या वर्षांमध्ये ते हे चिंतन मनात जुळवत होते, त्याच वर्षांमध्ये त्यांची आत्या भरलेल्या पातेल्यापाशी बसत होती, आणि ते दर दोन महिन्यांनी येऊन चहा पिऊन जात होते. त्यांचा हात थांबला. सुलाबाईंनी ते पाहिले.

"रडू नगस. तुझ्या त्या निरंजनावानी करू नगस. लिही."

"लिहितो, आत्या. पाचव्या दिवशी काय वार होता?"

"आधी अठ्ठ्याऐंशीपासनं लिही," सुलाबाई म्हणाल्या. "बस गेली तवापासनं. खिचडीची पाळी आली की मंग खिचडी. मधलं खाऊ नगस."

ठराव तिथेच झाला. एकशे तेराव्या पानापासून पुढचे वाचन बंद. दर रविवारी सुलाबाई सांगतील, धम्मानंद लिहितील, पुढच्या रविवारी पप्पू ते वाचेल, आणि शंका निघाली तर ती मिटल्याशिवाय पुढे जायचे नाही. हा शेवटचा भाग धम्मानंदांना सर्वांत जड जातो. बस गेल्यानंतर आत्या सडकेवर 'विषण्ण मनाने' उभ्या राहिल्या, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात लिहिले होते. बायनाबाईंनी सांगितले, की तसे काही झाले नाही. ती वळली आणि खुरपायला आली, कारण अर्धा दिवस बुडाला होता. ते वाक्य गेले. एका रविवारी पातळाच्या रंगावरून दोन तास वाद झाला आणि अर्धी ओळ हाती लागली. बाया आता लेखकाला घाबरत नाहीत. "धम्मा, हे तू पुस्तकातलं बोलायलास" असे कोणीही म्हणते, आणि ते मुकाट्याने खोडतात.

बसस्थानकावरच्या स्टॉलकडे जाणे त्यांनी बंद केले, कारण रविवारी लिहिलेले सोमवारी सकाळी उतरवून काढावे लागते. स्टॉलवाल्याने दोन आठवडे वाट पाहिली आणि मग प्रत आपणहून पुढे ठेवली, असे पप्पू सांगतो. पप्पूवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न वेगळा. प्रकाशकांनी कळवले, की पहिली आवृत्ती संपल्याखेरीज दुसरीचा विचार करता येणार नाही. धम्मानंदांनी त्यावर तक्रार केली नाही. हे पुस्तक होईल की नाही, हे त्यांनी अजून कोणालाही विचारलेले नाही.

मार्चअखेर चौऱ्याण्णव सालापर्यंतचे लिहून आणि तपासून झाले. सुलाबाई आता चौऱ्याहत्तराव्या वर्षात आहेत. त्यांची एकोणतीस वर्षे लिहायची बाकी आहेत.